डाळीच्या डब्यातला रिपोर्ट

अकोल्यात शेखरचं घर आणि दुकान एकाच पत्र्याखाली होतं. पुढे जुन्या बॅटऱ्यांचा ढीग, मागे स्वयंपाकघर. रविवारी सकाळी तो नेहमीसारखा अंगणात बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं कढईत वितळवत होता. धूर आधी त्याच्या नाकात जाई, मग वाळत घातलेल्या कपड्यांत. भूक लागली तशी त्यानं त्याच हातांनी भाकर मोडली. जेवणाआधी हात धुणं हे नाजूक लोकांचं काम, असं त्याचं ठाम मत.

शेजारी ओटीभरण होतं. बायको ज्योत्स्नानं नारळ उचलला, तशी सासू माणिकबाई म्हणाली, "तू राहू दे व. पाच वर्सं झाली तुह्या लग्नाले. लोकायच्या पोरीची ओटी तुह्या हातानं कायले?"

म्हणजे बघा. धुतलेले हात अशुभ, आणि शिशानं काळे झालेले हात भाकर मोडायला चालतात. या लोकांची अक्कल कुठल्या कढईत वितळली कोण जाणे.

पाच वर्षांत ज्योत्स्नानं काढे प्यायले, कमरेला दोरे बांधले, चार डॉक्टरांकडून तपासून घेतलं. दोष सापडला नाही. शेखरला तपासावं, हे कुणाला सुचलंच नाही. त्याला मिशा होत्या ना. केवढा तो पुरावा.

संध्याकाळी माणिकबाईनं पुढचं सांगितलं. "चांदूर बाजारची पोरगी पायली मी शेखरसाठी. तू फारकतीच्या कागदावर सही कर अन् माहेरी जाय."

"करीन सही," ज्योत्स्ना शेखरकडे बोट दाखवत म्हणाली. "पण आंधी यायची तपासणी करा."

"माह्यात काय कमी हाय?" शेखर गुरकावला.

"थेच पाहाले जाय ना दादा," दहावीत शिकणारी त्याची बहीण आरती म्हणाली. "भेऊन काहून राह्यला? सुया तं वहिनीनं पाच वर्सं टोचून घेतल्या."

अकोल्यात कुणी पाहिलं तर? म्हणून स्वारी ज्योत्स्नाला घेऊन अमरावतीला गेली, तीही तोंडाला दुपट्टा बांधून, डाका घालायला निघाल्यासारखी.

रिपोर्ट आला. रक्तात शिसं भरपूर, शुक्रजंतू कमी, पुरुषी हार्मोनही घसरलेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काम काय करता?" शेखरनं सांगितलं. बाई म्हणाल्या, "शिसं अंगात साठतं. मेंदूकडून अंडकोशांना हुकूम जातो, तो बिघडवतं. बीज तयार होतं तिथंही इजा करतं. वितळवणं बंद करा, हात धुऊन जेवा, मग पुन्हा तपासू. सुधारेलच असा शब्द देत नाही. पण हेच चालू ठेवलंत, तर आणखी बिघडेल."

घरी येताच माणिकबाईनं रिपोर्टाची घडी केली आणि तुरीच्या डाळीच्या डब्यात खुपसली. "बायकोनं नवऱ्याची अब्रू झाकावी. पावने बुधवारी येऊन राह्यले, तू चूपचाप सैपाकघरात बसजो."

शेखर पुन्हा कढईपाशी जाऊन बसला. आणखी एका पोरीचं आयुष्य त्या कढईत घालायला त्याची हरकत नव्हती. शूर माणूस.

बुधवारी मुलीचे वडील ओमप्रकाशभाऊ घर पाहायला आले. ज्योत्स्ना पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली. बशीखाली डाळीची भुकटी लागलेला रिपोर्ट होता.

"भाऊ, मी यायची बायको. पोयाच्या आंधी हे वाचा. मले वांझ म्हणून हाकलून राह्यले. उद्या तुमच्या पोरीलेबी हेच काढे पाजतीन."

ओमप्रकाशभाऊंनी दोनदा वाचलं. अंगणातल्या कढईकडे पाहिलं. "आमाले तं वेगळंच सांगतलं होतं, बाई," एवढंच म्हणून ते उठले. पोहे तसेच राहिले.

"घराची इज्जत घालवली हिनं," माणिकबाई कपाळ बडवू लागली.

"इज्जत डाळीच्या डब्यात होती, आत्याबाई," ज्योत्स्ना सासूला म्हणाली. "तिले कीड लागून राह्यली होती."

मग तिनं पाण्याची बादली आणि साबण शेखरपुढे ठेवला. "लेकरू होवो का न होवो, थे मागून पाहू. कढई बंद, तं मी हाय. कढई चालू राह्यली, तं सही मी माह्या मर्जीनं करीन."

शेखरनं आईकडे पाहिलं. आई दुसरीकडे पाहत होती. शेवटी त्यानं साबण उचलला. पहिलं पाणी काळं निघालं. दुसरंही.

कुंपणावरून चार शेजारणी हे सगळं पाहत होत्या. त्यांतल्या कितीजणींनी घरी जाऊन आपापला डाळीचा डबा उघडून पाहिला, ते त्यांनाच ठाऊक.