पेटीवरचा हळदीचा डाग

मित्रांनो, मी मेकअपची एक जुनी पेटी आहे. उरणच्या खाडीत मोडलेल्या होडीच्या सागवानातून धर्मराजने मला घडवले. पनवेलजवळच्या गावात त्याचे मिठागर होते. धाकटी बहीण आशालता हिंदी सिनेमात काम करायला निघाली, तेव्हा त्याने मला तिच्या हाती दिले.

तिला कामे मिळाली, पण सगळी विधवेची. कधी नायकाची आई, कधी नायिकेची वहिनी. माझ्यातली कुंकवाची डबी तशीच भरलेली राहिली. फिक्या पावडरीचे डबे मात्र भराभर संपत. ती पडद्यावर रडली की थिएटरात बायका पदराने डोळे पुसत. दिग्दर्शक म्हणत, "आशाजींना ग्लिसरीन लागत नाही." ते ऐकून मला केवढा अभिमान वाटे!

मग धर्मराजच्या मुलीचे लग्न ठरले. नवरीला सजवायला आशालता मला घेऊन आली. मांडवात तिने हळदीच्या वाटीकडे हात नेला, तोच शेजारची सखूबाई म्हणाली, "तू नको लावू गो. दर शिनेमात तुजा नवरा मरतो."

आशालता हसली. "अगो, माजं लगीनच नाय झालं. मरंल कोण?"

बायकाही हसल्या, पण वाटी मागे गेली ती गेलीच. आशालताने भावाकडे पाहिले. धर्मराज पाव्हण्यांना पाणी देत राहिला. ती मला तिथेच ठेवून निघून गेली.

त्याने मला माळ्यावर ठेवले. दर दिवाळीला तो मला खाली काढी, पुसे आणि पुन्हा वर ठेवी. सिनेमातली कामे सुटल्यावर ती जवळच, पनवेलच्या खांदा कॉलनीत एकटी राहायला आली, हे त्याला ठाऊक होते. रिक्षाने जाता आले असते. पाय उचलत नव्हता.

यंदा त्याच्या नातीची, मनस्वीची हळद आली. आदल्या दिवशी तो मला काखेत घेऊन आशालताच्या दारात उभा राहिला.

"पयली हळद तुजी, आशा."

"सखूबाई गेली म्हणून आलास, दादा?"

त्याची मान खाली गेली. "ती होती तवाच बोलाया पायजे होतं."

तिने त्याच्या काखेतून मला काढून आत घेतले.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन मांडवात आली, तशी एक म्हातारी कुजबुजली, "शिनेमातली विधवा ती हीच ना?"

धर्मराज उठला. वाटी त्याने स्वतः बहिणीपुढे धरली. "माजी बहीण हाय. पयली हळद तीच लावंल."

घाईत वाटी कलली.

"दादा, नीट धर, सांडंल," आशालता म्हणाली आणि तिने मनस्वीच्या गालाला हळद लावली. मग नवरीची वेणी घालायला फणी हवी म्हणून पिवळ्या बोटांनीच तिने मला उघडले.

मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा, वाळवीपासून जपा, पण झाकणावरचा हा डाग घासू नका. आणि तुमच्या माणसाला कोणी मांडवात अडवले, तर तिथेच, तेव्हाच बोला. नंतर दर दिवाळीला पेटी पुसून काही होत नाही. ती पेटी मीच आहे, म्हणून सांगते.