ताईंच्या गच्चीवरचं टोक

मी डायपोल अँटेना बोलतोय. नाव ऐकून दबकू नका. पाहुणे मला कपडे वाळत घालायची तार समजून ओला टॉवेल टाकायला येतात, इतका मी साधा. तांब्याच्या तारेचे दहा-दहा मीटरचे दोन हात आणि मधोमध जोडलेली केबल, बस्स. तोंड नाही म्हणून दोन वर्षं गप्प राहिलो. आज सांगतो, पण मान वर करून नाही.

माझा मालक चष्मे बनवतो. खाली दुकान, वर घर. दूरदूरच्या लोकांशी बोलायच्या हौशी रेडिओचा परवाना मिळाला तेव्हा त्याने उंच अ‍ॅल्युमिनियमचे तयार अँटेने पाहिले आणि नाकारले. "साधी तारच बरी. बिघडायला आहे काय तिच्यात?" असं बायकोला म्हणाला. मापाच्या बाबतीत भारी काटेकोर. टेप लावून मला कापलं, मग बोट-बोट छाटत बरोबर लांबीवर आणलं. मी फुशारून गेलो.

पण त्याची गच्ची मला पुरेना. मधला भाग पाइपावर चढवला, एक टोक पाण्याच्या टाकीपाशी बांधलं, दुसऱ्याला जागाच नाही. शेजारी शिवणकाम करणाऱ्या ताई एकट्या राहतात. त्याने भिंतीवरून विचारलं. "बांधा की," ताई म्हणाल्या, "माझ्या गच्चीवर तसंही काय आहे!" दोर त्यांनीच धरून दिला.

रेडिओ लावायची मालकाला इतकी घाई, की केबल जोडताना सोल्डरचं कथील नीट वितळलंच नाही. टाका वरवर बसला. मला ते जाणवत होतं. त्याने वर चिकटपट्टी गुंडाळली आणि खाली पळाला. त्याच संध्याकाळी समुद्रापलीकडच्या माणसाशी बोलणं झालं. मग पट्टी बघायला कोण परत येतंय!

काही महिन्यांत पट्टीखाली पाणी शिरलं. पाचच्या सुमारास वारा सुटला की मी हलायचो आणि टाका आतल्या आत चुरचुरायचा. खाली रेडिओत नुसती खरखर. ताईंचं विजेवरचं शिलाई मशीनही पाचलाच सुरू व्हायचं, आणि अशा मोटारीनेही रेडिओत खरखर येते. झालं, मालकाला गुन्हेगार सापडला!

एका संध्याकाळी फाटकाशी चार शेजारी उभे असताना त्याचा आवाज चढला. "तुमच्या त्या भंगार मशीननं माझा रेडिओ मेलाय! दुसऱ्याचा काही विचार करता की नाही?"

ताई घरात निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीन मागच्या अंधाऱ्या खोलीत हलवलं. माझं टोक मात्र सोडलं नाही. त्यांच्याच आधाराने मी ताठ उभा होतो आणि माझ्याच दोषापायी त्या बोलणी खात होत्या. लाज म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

खरखर काही थांबली नाही. "मुद्दाम करतात," मालक म्हणायचा.

एकदा ताई सुई ओवता येत नाही म्हणून दुकानात डोळे तपासायला आल्या. निघताना मालक फाटकाशी म्हणाला, "नंबर तोच आहे. उजेडात बसत जा."

"उजेडाची खोली तुमच्या रेडिओला चालत नाही ना," ताई म्हणाल्या आणि गेल्या.

मग एके दिवशी ऐन पाचला सगळ्या गल्लीची वीज गेली. मालकाचा रेडिओ बॅटरीवर चालू होता. वारा सुटला. कर्रर्र!

"लाइट तर गेलीय," मालकाची बायको म्हणाली. "मशीन बंद असणार. मग हे काय वाजतंय?"

मालक गच्चीवर आला. मला खाली उतरवून पट्टी सोलली. आत तांबं हिरवं पडलेलं. बोट लावताच केबल सुटून त्याच्या हातात आली. माझ्याकडे बघवेना त्याला, आणि मला त्याच्याकडे.

तसाच तो ताईंच्या दारात गेला. "दोष माझ्याच तारेत होता, ताई. माफ करा."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"बोललात तेव्हा चार माणसं होती," ताई म्हणाल्या. "आता एकटेच आलात."

दुसऱ्या दिवशी मालकाने त्याच चौघांना फाटकाशी बोलावलं. कान लाल झाले, तरी सगळं सांगितलं. मग नवरा-बायकोने मिळून मशीन पुढच्या खोलीत आणून ठेवलं. ताईंनी पाणी विचारलं नाही.

आता माझा सांधा पक्का आहे. पट्टीखाली पाण्याचा थेंब शिरत नाही. "टोक सोडून घेऊ का?" असं मालकाने विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, "राहू द्या. पण वर यायचं तर विचारून या."

म्हणून दोर ताणायचा असला की तो खाली उभा राहून हाक मारतो, "ताई, येऊ का?" कधी "या" येतं. कधी मशीनचा आवाज तेवढा चालू राहतो, उत्तर येत नाही. तो मुकाट परत फिरतो. मी सैल लोंबत राहतो, दूरचे आवाज पुसट होतात, आणि खरं सांगू, त्या दिवशी मला जरा बरं वाटतं.