फर्स्ट शिफ्टचं घर

नवनाथ आणि विजयश्रीच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण मोशीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत नवराबायको एकाच वेळी जागी सापडायची ती सणासुदीलाच. तो चाकणला गाड्यांचे पत्रे दाबायच्या प्रेसवर होता, ती भोसरीत वायरिंगच्या कंपनीत. लेक सृष्टीला सांभाळायला गावाकडून, बीडहून कुणी येण्यासारखं नव्हतं. म्हणून विजयश्री सकाळच्या फर्स्टला असली की तो दुपारच्या सेकंडला, तो फर्स्टला आला की ती सेकंडला, असं त्यांनी ठरवूनच घेतलं होतं. मधल्या वेळेपुरती घरमालकीण कौशल्याबाई पोरीकडं बघायची. सुट्टीचंही तसंच. भोसरीला गुरुवार, चाकणला रविवार.

संसार चालायचा मोबाइलवर बोलून पाठवलेल्या निरोपांवर. ‘डाळ कुकरमध्ये आहे. दूध नासलंय, नवीन आणा.’ भांडणंही तशीच. नवनाथ कंपनीच्या बसमध्ये चढता चढता तावातावानं काहीतरी बोलून पाठवायचा. ती ते शिफ्ट सुटल्यावर ऐकायची. तिचं उत्तर येईपर्यंत आपण कशावरून तापलो होतो, हेच त्याला आठवायचं नाही.

दिवाळी झाली आणि विजयश्रीच्या कंपनीनं बायकांना कायमची फर्स्ट शिफ्ट दिली. पुढच्याच आठवड्यात नवनाथचीही फर्स्ट आली. सृष्टी आता दिवसभर शाळेत असायची, त्यामुळं ते जमण्यासारखं होतं. सोमवारी चार वाजून गेल्यावर दोघं मागंपुढं जिना चढले, तेव्हा कौशल्याबाई कमरेवर हात ठेवून बघतच राहिली.

“आज दोघंबी कसं काय? कंपनी बंद पडली व्हय?”

“नाही हो मावशी, शिफ्ट एक झाली,” विजयश्री म्हणाली.

“आगं बया. मग आता च्या कोन करनार?”

प्रश्न खराच निघाला. दोघंही सवयीनं ओट्याकडं गेले आणि एकमेकांवर आदळले. चहापत्तीचा डबा विजयश्री वरच्या फळीवर ठेवायची, नवनाथ खालच्या. इतकी वर्षं दोघंही तो आपापल्या जागी परत ठेवत होते आणि डबा हलवते म्हणून सृष्टीला रागावत होते.

रात्री तिघं जेवायला बसले. सृष्टीनं नेहमीप्रमाणं मोबाइल ताटाशेजारी उभा केला, कार्टून लावलं, आणि मग काहीतरी चुकल्यासारखी एकदा आईकडं, एकदा बापाकडं बघू लागली.

“अहो, तुम्हीच लावून देता ना हिला जेवताना?” विजयश्रीनं विचारलं.

“मी? ती तर म्हणती, मम्मी देती म्हणून.”

“मला सांगते, पप्पांनी हो म्हटलंय.”

दोघांनी एकदमच पोरीकडं पाहिलं. सृष्टीनं मोबाइल पालथा घातला, शांतपणे एक घास खाल्ला आणि म्हणाली, “दोडक्याचं पण मी तसंच सांगितलंय.”

आधी विजयश्रीला हसू फुटलं. हसता हसता तिला ठसका लागला, नवनाथ तिच्या पाठीवर थापट्या मारायला लागला आणि स्वतःच हसत सुटला. ही हसली की हिचे डोळे पार मिटतात, हे तो विसरून गेला होता. त्याला आत कुठंतरी चुटपुट लागली, पण ती टिकली नाही. सृष्टीच्या ताटात दोघांनी मिळून दोडका वाढला.

तो आठवडा नवनाथला सुट्टीसारखा गेला. संध्याकाळी तिघं इंद्रामाई नदीच्या घाटापर्यंत चालत जायची, येताना पाणीपुरी खायची. तिथंच एकदा त्याला कळलं, की फर्स्ट शिफ्टसाठी बायका वर्षभर मॅनेजरच्या मागं लागल्या होत्या आणि सगळ्यांत पुढं विजयश्री होती.

“हे तू मला कधी बोलली नाहीस,” तो म्हणाला.

“कधी बोलायचं होतं? तुम्ही झोपलेले असताना?”

शनिवारी दप्तर भरता भरता सृष्टीनं विचारलं, “सोमवारपासून तुम्ही परत झोपणारे पप्पा होणार का?”

आपल्याला हे नाव पडलंय हे नवनाथला ठाऊक नव्हतं. तो नुसताच ‘बघू’ म्हणाला. पण डोक्यात बसलं ते बसलंच.

सोमवारी सेकंडला गेल्यावर कँटीनमध्ये तो गोरक्षजवळ बसला. गोरक्ष चाकणजवळच्याच गावचा. दोघं एकाच प्रेसवर, पण शिफ्ट उलटी. आज गोरक्ष फर्स्ट संपवून बसची वाट बघत होता आणि त्याचा चेहरा पडलेला होता.

“काय झालं राव?”

“कांद्याची लागण चाललीय. फर्स्ट असली की सकाळचा रानातला टाइम बुडतो. माझं वडील, तात्या, एकटंच वढत्यात सगळं. मला तर कायम सेकंड दिली तर मी पेढं वाटीन.”

नवनाथनं चहाचा कप खाली ठेवला. “गोरक्ष, भावा, परत एकदा म्हण.”

दोघं तसेच उठून सुपरवायझरकडं गेले. निरंजन सर चांगला माणूस होता, पण नवीन काही म्हटलं की आधी नाही म्हणून मान हलवायचा.

“असं एकाला दिलं की उद्या सगळे रांग लावतील.”

“लावू द्या ना सर,” नवनाथ म्हणाला. “ज्याला जोडीदार मिळेल त्याला द्या. मशीन काय, माणूस बघून थोडीच चालती?”

गोरक्ष म्हणाला, “सर, दरवर्षी लागणीला न् काढणीला माझ्या दांड्या पडत्यात, तुमी वरडता. सेकंड द्या. एक दांडी पडली तर परत फर्स्टला टाका मला.”

ते मात्र सरांना पटलं. प्रेसवर माणूस कमी पडला की शिव्या त्यांनाच बसायच्या. ते म्हणाले, “महिनाभर करून बघू.”

महिना संपला तेव्हा कुणीच तो विषय काढला नाही. नवनाथ फर्स्टलाच राहिला.

गुढीपाडव्याला दोन्ही कंपन्यांना सुट्टी होती. गोरक्षनं तिघांना घरी जेवायला बोलावलं. कांदा काढून वावरात पसरला होता. गोरक्षची आई, तानाबाई, सृष्टीला जवळ घेऊन म्हणाली, “ह्योच व्हय तुजा बाप? याच्यामुळं माजं लेकरू सकाळचं रानात दिसतंय बग.”

“आमच्याकडं ते संध्याकाळी दिसतात,” सृष्टी म्हणाली.

तानाबाई हसली. पुरणपोळ्या झाल्या, वर आमटी ओरपून झाली. जेवल्यावर नवनाथ हात धुऊन सावलीला टेकला, तर विजयश्री बायकांत बसून कांद्याची पात कापत होती आणि मॅनेजरला कसं पटवलं ते रंगवून सांगत होती. त्यानं ती गोष्ट आधी ऐकली होती. तरी तो उठून थोडा जवळ जाऊन बसला.