विल्फ्रेडची सोडत

विल्फ्रेड जगला तर आपला फायदा काय, हा हिशोब क्लिफर्डने अंगणातल्या लिंबोणीखाली बसून पुरता मांडला होता. जमेला पहिले गुडघे. विलायतेतल्या रॉचडेलच्या ओल्या हवेत जिना बघितला तरी कुरकुरणारे त्याचे गुडघे बेनिरोका या स्पॅनिश खेड्यात राहायला आल्यापासून मुकाट चालत होते. मग बारमधला संध्याकाळचा डोमिनोचा डाव, दारातली लिंबं, आणि भर जानेवारीत स्वेटर काढून बसावं असं ऊन. विल्फ्रेड गेला तर यातलं काहीच उरत नव्हतं. बायको बेरिल सामान बांधणार, आणि पुढचं आयुष्य रॉचडेलला मुलीच्या मागच्या खोलीत, जावयाच्या व्यायामाच्या सायकलला खेटून काढायचं.

हिशोबात अडचण एकच होती. विल्फ्रेड डुक्कर होता, आणि तो त्यांचा नव्हता.

तो संत अंतोनीचा होता, म्हणजे गावाचा. दर वर्षी उन्हाळा ओसरला की बातिस्त खाटीक एक अर्धवट वाढलेलं डुक्कर गळ्यात घंटा बांधून गल्लीत सोडायचा. ते दारोदार हिंडायचं आणि ज्याच्या दारात उभं राहील तो त्याला शिळा पाव, भोपळ्याची सालं, उरलासुरला भात घालायचा. जानेवारीत संताच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर गावातल्या सगळ्या जनावरांवर पाणी शिंपडून आशीर्वाद दिला जाई. डुकरालाही मिळे. मग तासाभराने त्याची सोडत निघे, आणि ज्याला ते लागे त्याच्या अंगणात दुसऱ्या दिवशी सुऱ्या निघत. यात गावाला काही वावगं वाटत नसे. ज्याने त्याने आपल्या ताटातलं त्याला घातलेलं असे. आता त्याने त्यांच्या ताटात यायचं, इतका सरळ व्यवहार होता.

क्लिफर्ड आणि बेरिल हे दोघं याआधीच्या हिवाळ्यांत नाताळापासून मुलीकडे असायचे, म्हणून सोडत त्यांनी कधी पाहिली नव्हती. या वर्षी त्यांचं जाणं झालं नाही. ऑक्टोबरात त्यांचा म्हातारा कुत्रा मेजर आजारी पडून गेला. बेरिल आठवडाभर कोणाशी बोलली नाही. रोज सकाळी मेजरच्या फेरीच्या वेळी ती पट्टा हातात घेऊन दारात नुसती उभी राही. अशाच एका सकाळी घंटा वाजवत डुक्कर आलं आणि तिच्या पायांशी बसलं. बसलं ते मेजरच्या पायपुसण्यावर.

"बघ तरी, कसा बसलाय," बेरिल म्हणाली. आठवड्यातलं तिचं ते पहिलं वाक्य.

"भूक लागली असेल," क्लिफर्ड म्हणाला.

"माझ्या विल्फ्रेडकाकांसारखा दिसतो."

गावातल्या अशा प्रत्येक डुकराला आजवर अंतोनी म्हणत आले होते, त्यामुळे ते कुणा एकाचं कधी झालं नव्हतं. बेरिलने त्याला स्वतंत्र नाव दिलं आणि तिथून भानगड सुरू झाली. महिनाभरात विल्फ्रेड मेजरच्या पट्ट्याला बांधून फिरायला जाऊ लागला. मेजरची गोधडी त्याची झाली. कचरापेटीतून उचलून आणलेल्या दोन मांजरी आजवर एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या, त्या त्याच्या पाठीवर शेजारी शेजारी झोपू लागल्या. त्याने क्लिफर्डच्या जिरेनियमच्या कुंड्या खाल्ल्या, डाव्या पायातली चप्पल खाल्ली, आणि नंतर, जोड पुरा करायचा म्हणून असेल, उजव्या पायातलीही खाल्ली. उन्हाने कान भाजू नयेत म्हणून बेरिल त्यांना मलम चोळी. ते बघायला गल्लीतले लोक खुर्च्या बाहेर काढून बसत.

"तुमची बाई त्याला आतापासूनच तेल लावून ठेवतेय की," डोमिनो मांडता मांडता बातिस्त म्हणाला. "भाजायला सोपं."

सगळा बार हसला. क्लिफर्ड हसला नाही. त्याच संध्याकाळी त्याला संताच्या दिवसाचा सगळा प्रकार कळला होता. कुठला भाग कोणाला जातो, हे बातिस्तने स्वतःच्या अंगावर बोट फिरवून दाखवलं होतं.

घरी आला तर बेरिल विल्फ्रेडच्या पोटाला ब्रश करत होती. वर न बघता ती म्हणाली, "क्लिफर्ड, मेजर गेल्यावर मी रॉचडेलचं तिकीट बघून ठेवलं होतं. मग हा आला. आता हाही गेला ना, तर मला इथे काय ठेवलंय ते तूच सांग."

"मी आहे की."

"तू काय, तू डोमिनो खेळतोस."

इथे क्लिफर्डने ठरवलं की बेरिलला काही सांगायचं नाही, सोडत जिंकायची आणि विषय संपवायचा. आयुष्यभर बसमध्ये दुसऱ्यांची तिकिटं तपासलेला माणूस तो. स्वतः होऊन जास्तीचं तिकीट त्याने कधी काढलं नव्हतं. आता तो सोडतीची एकेक युरोची तिकिटं आधी पाच-पाच, मग मूठमूठ घेऊ लागला. बेकरीत घेतली, औषधाच्या दुकानात घेतली, चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईकडून तिच्याकडची सगळी घेतली. सापडू नयेत म्हणून ती गुडघ्याच्या मलमाच्या खोक्यात दडवली.

समोर राहणाऱ्या रेमेदिओसआजी पायरीवर शेंगा सोलत हे सगळं बघत होत्या. ऐंशी उलटलेल्या बाई, गावातल्या कुणालाही बाबा आणि पोरी म्हणायचा परवाना असलेल्या.

"बाबा, किती ती भूक," त्या म्हणाल्या. "घरी बायको जेवायला घालत नाही का?"

"नशीब आजमावतोय, आजी."

"सगळीच तिकिटं घेतल्यावर नशिबाला काय काम उरतं रे?"

संताच्या दिवशी गाव चर्चपुढे जमलं. खेचरं आली, शिकारी कुत्री आली, एका मुलीने गोगलगाय आणली. बेरिलने मांजरी टोपलीत आणल्या होत्या आणि विल्फ्रेडला आंघोळ घालून पट्ट्याला धरून आणलं होतं. पाद्र्याने पाणी शिंपडलं, विल्फ्रेडने ते चाटलं. मग चिठ्ठी निघाली ती क्लिफर्डचीच. निघाली नसती तरच चर्चा झाली असती. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, बातिस्तने आपलं नेहमीचं हसू हसून हात मिळवला, आणि क्लिफर्ड विल्फ्रेडला घेऊन घरी आला तो लढाई जिंकल्यासारखा. जो जिंकेल तो मालक, आणि मालक म्हणेल ते. त्याच्या लेखी खातं बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता फाटक वाजलं.

बाहेर सगळी गल्ली उभी होती. दोघांनी मिळून एक लांब बाक धरलं होतं. बायकांकडे परातीच्या पराती भरून सॉसेजसाठी शिजवलेला कांदा, त्याची वाफ अजून येत होती. मागे चुलाण, हंडा, सरपण. रेमेदिओसआजी ॲप्रन बांधून सगळ्यांच्या पुढे, आणि बातिस्तच्या काखेत फडक्यात गुंडाळलेल्या सुऱ्या. ज्याच्या घरी डुक्कर लागतं त्याच्याकडे मदतीला जायला आमंत्रण लागत नाही, एवढी एक गोष्ट क्लिफर्डच्या हिशोबातून राहून गेली होती.

"कोण आलंय?" आतून बेरिलने विचारलं.

"शेजारी. अभिनंदनाला."

"मग त्यांना आत तरी घे. मी चहा टाकते."

तिने खरोखरच चहा टाकला. बातिस्तने सुऱ्या मांडीवर ठेवल्या आणि सगळ्यांनी तो कधी न चाखलेला दूध घातलेला चहा शिष्टाचार म्हणून घोटाघोटाने संपवला. विल्फ्रेड सगळ्यांमधून फिरत ओळखीच्या हातांना नाक लावत होता. या प्रत्येक हाताने त्याला कधी ना कधी भरवलं होतं.

क्लिफर्डने आजींना लिंबोणीखाली ओढलं. "आजी, हे होणार नाही. याला हात लावला तर ती रॉचडेलला निघून जाईल."

"जाईलच. मीही गेले असते."

"मग?"

"मग काय? त्याला कोण हात लावतंय?" आजी म्हणाल्या. "जे डुक्कर गोधडी पांघरून झोपतं ते कापायला बातिस्तचासुद्धा हात उठणार नाही. पण बाबा, डुक्कर तुझं असेल, सॉसेज गावाचं आहे. सप्टेंबरपासून भरवलंय आम्ही. ते कुठून येणार ते तू बघ."

"आता, या वेळी? मी कुठून आणू?"

"आणायचं नाही, उतरवायचं. दुसरं एक बातिस्तच्या गाडीत आहे. पुरं कापून, धुऊन. कालच सांगून ठेवलंय."

"कोणाच्या नावावर?"

"अरे, सोडत कोणाला लागली?" आजी म्हणाल्या आणि चुलाणाकडे वळल्या.

क्लिफर्डला आता एकच भीती उरली होती, बेरिलची. मांस बाकावर आलं तेव्हा ती दारात उभी होती. तिने बाक बघितलं, परात बघितली, क्लिफर्डकडे बघितलं. मग आत गेली, बाह्या सारून आणि केस बांधून बाहेर आली, आजींच्या शेजारी बसली आणि धुतलेलं आतडं बोटांवर चढवून त्यात कांदा-मांसाचा गोळा असा काही सरकवू लागली की बातिस्तची सुरी हातातच थांबली.

"ही कुठे शिकली?" त्याने विचारलं.

क्लिफर्डला तेव्हा आठवलं. बेरिल त्याला पहिल्यांदा दिसली ती तिच्या खाटीक बापाच्या दुकानात, काट्यावर सॉसेजची माळ ठेवताना. पन्नास वर्षांत ही गोष्ट त्याच्या पार डोक्यातून गेली होती.

"तुला माहीत होतं," तो तिच्या कानाशी म्हणाला.

"काय?"

"सोडतीचं. आजचं. सगळं."

"डुकराला फुकट कोण भरवतं, क्लिफर्ड? आजींनी पहिल्याच आठवड्यात गळ्यावरून बोट फिरवून दाखवलं होतं."

"मग रॉचडेलचं ते काय होतं?"

"ते खरं होतं. म्हणून तर तुला सांगितलं." तिने माळेला गाठ मारली. "मलमाच्या खोक्यात मलम कमी, तिकिटंच जास्त आहेत. मी काही बोलले नाही. मेजरसाठी तू कधी साधं बिस्किट आणलं नव्हतंस, म्हटलं बघू कुठवर जातो. आता ते टोक धर."

क्लिफर्डने टोक धरलं.

"रॉचडेल?" थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं.

"याला कोण बघेल तिथे? जावई?"

दुपारपर्यंत अंगणात दोऱ्या बांधून सॉसेजच्या माळा वाळत घातल्या गेल्या. गल्लीतल्या घरोघर वाटे गेले. पाद्र्याचा वाटा पाद्र्याकडे गेला. पहिलं सॉसेज आजींनी निखाऱ्यावर भाजून क्लिफर्डच्या हातावर ठेवलं. विल्फ्रेडने उरलेला कांदा खाल्ला आणि मांजरींना पाठीवर घेऊन झोपला.

संध्याकाळी लिंबोणीखाली बसून क्लिफर्डने पुन्हा हिशोब मांडला. चर्चला सोडतीचा इतका पैसा कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. बातिस्तने एका संताच्या नावावर दोन डुकरं विकली. गावाला सॉसेज मिळालं, बेरिलला विल्फ्रेड, आणि गुडघ्यांना बेनिरोका. या सगळ्याचे पैसे क्लिफर्डने भरले, आणि भरून झाल्यावर आपण अजून फायद्यात आहोत हे त्याच्या लक्षात आलं. मग तोटा कोणाचा झाला म्हणून त्याने पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितलं. विल्फ्रेडच्या वाट्याचं सगळं देणं फेडलं होतं ते गाडीतून उतरलेल्या त्या दुसऱ्याने, आणि तो कोणाच्याही पायपुसण्यावर कधी बसला नव्हता.