चादरीखालचा सौदा

सोमाजीनं तिसरा ग्लास नाक दाबून रिचवला आणि तो खाली ठेवायच्या आत संडासाकडं धाव घेतली. पोट साफ करायचं ते खारट पाणी पहाटेपासून त्याला पळवत होतं. परत आला तर थोरला भाऊ भिका दवाखान्याच्या बाकावर नव्हता. तो सिस्टरला गाठून उभा होता.

“रक्त लालभडक पडलं तर चांगलं का वाईट? आन् दुखतच न्हाई, त्याचं काय?”

सोमाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोघं भाऊ बेल्ह्याच्या बैलबाजारातले दलाल. सोमाजी तर शेपूट उचलून जनावराचं दुखणं सांगणारा गडी, पण स्वतःचं रक्त त्यानं वर्षभर मूळव्याध म्हणून लपवलं होतं. आता गुदद्वाराच्या आत गाठ निघाली होती. ती कॅन्सरची तर नसेल, या धास्तीनं त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि भाऊ चारचौघांत पंचनामा करत होता.

“दादा, गप बस की.”

भिका बसला, उठला, पुन्हा बसला.

दुर्बीण आत घालून, तारेच्या फासात धरून गाठ कापली. गुंगीत सोमाजीला काही कळलं नाही. जागा झाला तेव्हा डॉक्टर पायथ्याशी उभ्या होत्या.

“गाठ साधी दिसतेय, पूर्ण निघाली. रिपोर्ट आठ दिवसांत येईल. पण हे घराण्यात असू शकतं. भावंडांनीही तपासून घ्यावं.”

सोमाजीला हायसं वाटलं. त्यानं भावाकडं पाहिलं.

“मी ठणठणीत हाय,” भिका खिडकीबाहेर बघत म्हणाला.

डॉक्टर गेल्या. सिस्टर सलाइन काढत होती. सोमाजीला सकाळचे प्रश्न एकेक करून आठवले. माणसांदेखत हा तोंड उघडणार नाही, हे तो स्वतःवरून जाणून होता. बाजारात भाव कुणी तोंडानं बोलत नाही. उपरण्याखाली हात धरून बोटं दाबायची, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. त्यानं चादरीखालून हात पुढं केला.

“किती म्हयने पडतंय?” त्यानं हळूच विचारलं.

भिका खिडकीपासून वळला. मग खुर्ची ओढून जवळ बसला, चादरीत हात घातला आणि धाकट्याची पाची बोटं दाबली. थांबला. मग आणखी चार.

सोमाजीनं हात सोडला नाही.

“सिस्टर,” तो म्हणाला, “आणखी एक नाव लिव्हायचंय.”