सोमवारचा पाऊस

मित्रांनो, मी एक जुना पर्जन्यमापक आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. वर तांब्याचे नरसाळे, खाली पत्र्याचे नळकांडे, आत एक बाटली. एवढाच माझा संसार.

लातूरचा नवा जिल्हा झाला. पाट्या बदलल्या, कचेऱ्यांना रंग लागला आणि मला औसा तालुक्यातल्या एका गावी चावडीमागे रोवण्यात आले. पाटी बदलली म्हणून आभाळ थोडेच बदलते! पुढे एका वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्या गेल्या. माझ्या पोटात नुसती धूळ.

गावातल्या बसम्मा फार भाविक. भुजंग कोतवाल रोज सकाळी माप घ्यायला माझ्यापुढे वाकतो, माझ्याभोवती कुंपणही आहे, हे त्यांनी पाहिले. झाले! हा पावसाचा देवच, असे त्यांनी पक्के ठरवले. दर सोमवारी उजाडता उजाडता त्या आपल्या वाट्याचे फुलपात्रभर पाणी माझ्या डोक्यावर घालू लागल्या. अहो, ते तुम्ही प्या, असे ओरडावेसे वाटे. पण मला तोंड कुठले?

आणि तो भुजंग! रस्त्यावर फुफाटा उडतोय आणि हा शहाणा माझ्यातले पाणी मोजून वर कळवतो, पाऊस बारा मिलिमीटर. पाऊस फक्त सोमवारीच कसा पडतो, हे ना त्याला खटकले, ना कचेरीत कुणाला. डोके आपटून घ्यावेसे वाटायचे.

बसम्मांची सून दानम्मा तलावाचे दुष्काळी काम निघण्याची वाट पाहत होती. ते निघाले नाही, तर लेकरांना घेऊन तिला गाव सोडावे लागणार होते. शेवटी कचेरीतले साहेब पाहणीला आले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "इथे दर आठवड्याला पाऊस आहे. काम कसं काढू?"

"कुठं पडला?" दानम्मा कडाडली. "एक ढेकूळ तरी ओलं दाखवा!"

बसम्मांचा चेहरा उतरला. "सायेब, त्यो पाऊस न्हाई. म्या घातलेलं पानी हाय ते."

"आजी, काहीही सांगू नका. दुष्काळात पाणी कोण ओतून देतं?"

बसम्मा घरी गेल्या. टँकर दुसऱ्या दिवशी यायचा होता. घागरीत उरले होते तेवढे पाणी त्यांनी फुलपात्रात आणले आणि सगळ्यांदेखत माझ्यात ओतले.

"मोज रं भुजंगा."

भुजंगने मोजले. बारा मिलिमीटर. साहेबांनी मान खाली घातली आणि काम निघाले.

पुढच्या सोमवारी बसम्मा रिकाम्या हाताने आल्या. "तू देव न्हाईस म्हनं," त्या म्हणाल्या. "मग येवढे दिस गप का बसलास?"

मला फार वाईट वाटले. मित्रांनो, माझ्यात खडे टाकू नका, माझी बाटली फोडू नका, हे तर आहेच. पण मला बोलता येत नाही. म्हणून माझा आकडा लिहिण्याआधी एकदा मान वर करून आभाळ बघत जा, आणि शेजारी रिकामी घागर घेऊन कुणी उभे असेल, तर आधी त्यांना विचारा.