रंगखोलीतलं नवं चक्र

सासऱ्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्राम रंगाच्या कारखान्यात अजून धडधाकट चालत होता, आणि नेमका तोच मोडीत काढायचं मालकांनी मनावर घेतलं होतं. आकड्यांच्या चौकटी बघून ते विटले होते. त्यांना पडद्यावर रंग दिसायला हवा होता. सूनही प्रोग्राम लिहिण्याच्याच धंद्यातली. जुन्या प्रोग्रामाच्या खिडकीतच माऊसने रंग निवडायचं नवंकोरं रंगचक्र बसवून देते, असं तिने छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा कुठे शुक्रवारपर्यंतची मुदत मिळाली. सासरे वरवर म्हणाले, मला काय त्याचं. पण त्यांचा जीव त्या प्रोग्रामात अडकलेला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

चक्र झोकात बसलं. गुरुवारी चाचणीला मात्र रंगखोलीतल्या मावशींनी फिकट पिवळ्याऐवजी चक्क जांभळा डबा भरला. आकडा, एंटर, आकडा, एंटर अशी त्यांची बोटं आपसूक चालत आणि नजर डब्यावर असे. जुन्या चौकटीत एंटर दाबलं की पुढची चौकट यायची. नवं चक्र एंटर मिळताच असेल तो रंग ओतून मोकळं व्हायचं.

घरी येऊन सुनेने कपाळाला हात लावला. मावशींनी आता माऊस शिकावा, मी तरी कुठे कुठे पुरी पडू, म्हणाली.

"प्रोग्राम खुशाल फेकून दे, पोरी," सासरे म्हणाले. "पण त्यांच्या हातांना नावं ठेवू नकोस. आठ दिवस त्यांच्या शेजारी बसलो, तेव्हा कुठे त्या चौकटी लिहिल्या मी."

सुनेला ते लागलं. ती रंगखोलीत दहा मिनिटांच्या वर कधी टेकली नव्हती. शुक्रवारी सकाळीच मावशींच्या शेजारी ठाण मांडून ती नुसती त्यांची बोटं बघत राहिली. मग चक्राला तिने वळण लावलं: एंटर आलं की गुपचूप पुढच्या चौकटीकडे सरकायचं, ओतायचं ते शेवटच्या चौकटीनंतरच.

दुपारी मालक चक्रावर बेहद्द खूश झाले, जुना प्रोग्राम राहू द्या म्हणाले. मावशींनी सात डबे भरले, सातही बिनचूक.

संध्याकाळी सासरे घराच्या दारातच उभे होते. मालकांचं त्यांनी विचारलंच नाही. मावशी काय म्हणाल्या, एवढंच विचारलं.

"ते चक्र काढून टाकलंस ते बरं केलंस, म्हणाल्या," सून हिरमुसून म्हणाली. "समोरच होतं हो, बाबा."

सासरे ठसका लागेपर्यंत हसले. डोळे पुसत म्हणाले, "समोर असून कुणाला जाणवू नये, तिथवर पोचायला मला दोन वर्षं लागली होती."